संकल्पात सांगितलेले कारण

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. जिथे ती असायला हवी त्या अंगाला जिनिंग कारखान्याची उंच भिंत होती, आणि आमची चूल त्या भिंतीलाच पाठ लावून बसलेली. कापसाचा हंगाम सुरू झाला की भिंतीपलीकडची यंत्रे सकाळच्या भोंग्यापासून घरघरू लागत. माझे सारे पाठांतर त्या घरघरीत झाले; आजही एखादा श्लोक आठवू लागलो की त्याच्या तळाशी ती मला ऐकू येते. छपराच्या कवेलूंच्या फटींतून रुईचे तंतू खाली उतरत. आई वरणाच्या पातेल्यावर ओले फडके घाली, भाकरीच्या दुरडीवर दुसरे, तरी गोळाभातावर फोडणीचे तेल वाढताना एखादा पांढरा तंतू त्यात तरंगताना दिसायचाच. हिंगणघाटच्या आमच्या घरातली आई मी आठवू गेलो तर ती मला नेहमी उभी किंवा वाकलेली दिसते. भिंतीला पाठ टेकून बसलेली आई त्या घरात मी पाहिली नाही.

घर तात्यांचे होते. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले बंधू. संस्कृतात त्यांचा अधिकार मोठा होता, आणि काकू गेल्यापासून त्यांनी सारे आयुष्य अध्यापनाला वाहिले होते. पुढच्या दालनात त्यांची पाठशाळा भरे. रोहणा, पवनार अशा गावांहून आलेले विद्यार्थी तिथेच राहत, तिथेच जेवत. विद्यादानाचे मोल घ्यायचे नाही हे तात्यांचे व्रत होते आणि आम्हा सर्वांना त्याचा अभिमान होता. मीही त्यांच्याच पायाशी बसून शिकलो, आणि जे काही थोडे मला येते ते त्यांचे आहे. तात्यांचे सोवळे कडक असे. नळाचे पाणी त्यांना चालत नसे. गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून सोवळ्यातच ते आणावे लागे. म्हणून पहाटे आई ओलेत्याने विहिरीवर जाई, आणि देवांचे, तात्यांचे व विद्यार्थ्यांच्या स्वयंपाकाचे पाणी भरून आणी. त्या काळच्या रीतीप्रमाणे तात्या धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसत. "विष्णू, आईला सांग, आज वरण जरा पातळ असावे," असे ते मला सांगत. आई दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ते ऐके, आणि मी ते पुन्हा एकदा सांगे.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गावातल्या शाळेत शिक्षक होते. अबोल, भिडस्त. भावापुढे मान वर करून बोललेले मी त्यांना ऐकले नव्हते. अशा माणसाने एके दिवशी जेवताना, भाताचे आळे करता करता सांगितले, की आदिलाबादकडे एका लहान गावात मराठी मुलांची शाळा आहे, तिथे आपण नोकरी धरतो आहोत, आणि उन्हाळ्यात बिऱ्हाड तिकडे हलवू. तात्यांनी विचारले, "पगार वाढवून देतात का?" अण्णा म्हणाले, "नाही. इथल्याहून थोडा कमीच. पण तिकडे राहणे स्वस्त आहे. घर ऐसपैस, भाडे नाममात्र, तांदूळ-दूध मुबलक."

तात्यांचा घास हातातच राहिला. कमी पगारासाठी माणूस परराज्यात जातो, हे आमच्या घराच्या तर्कात बसणारे नव्हते.

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला की तो आणि त्याची बायको मुलांसह इंदूरला कायमचे राहायला चालले आहेत. म्हणाला, "आजोबा, तिथे घर परवडतं, आणि संध्याकाळी उजेड असताना घरी येता येतं." फोन ठेवला आणि तासाभरात तीन नातेवाइकांनी मला विचारले, "काही झालं आहे का त्यांचं?" खरे सांगायचे तर माझ्याही मनाने पहिला प्रश्न तोच विचारला होता. माणूस दुःखाने गाव सोडतो, भीतीने सोडतो, हे आम्हांला समजते. जरा बरे जगता यावे एवढ्यासाठी सोडतो, यावर आमचा विश्वास बसत नाही; त्यामागे काहीतरी दडलेले असलेच पाहिजे असे वाटते. त्या निमित्तानेच हे प्रकरण लिहायला घेतले.

अण्णा महिन्यातून एकदा शनिवारी दुपारच्या एसटीने तिकडे जाऊ लागले आणि रविवारी परत येऊ लागले. "मी येतो बरोबर," असे मी एकदा म्हणालो. "नको," ते घाईने म्हणाले, "तुझा पाठ बुडेल." पाठ तात्या रविवारी घेत नसत, हे त्यांना ठाऊक होते. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिकडे राहायला जाण्याचे कारण ते प्रत्येकाला निराळे सांगत. तात्यांना म्हणाले, तिकडच्या मराठी मुलांना संस्कृत शिकवायला कोणी नाही. शेजाऱ्यांना म्हणाले, हवा चांगली आहे. मला म्हणाले, त्या बाजूला वेदपठणाची परंपरा मोठी, तुला लाभ होईल. आईला तर कारणही सांगितले नव्हते. "आपण जाऊ" एवढेच म्हणाले होते. त्या दिवसांत मी न्यायशास्त्राचे पहिले पाठ घेत होतो. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, आणि हेतू खोटा असेल तर तो ओळखावा, हे नुकतेच शिकलेल्या मुलाला घरातच इतका धूर दिसू लागल्यावर त्याने काय करावे! अण्णांनी सांगितलेली कारणे एकेकटी खोटी नव्हती, पण त्यांतले एकही खरे कारण नव्हते, अशी माझी खात्री होत चालली.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी पिशवीतून तांदळाबरोबर एक चिनी मातीची बरणी काढली. तोंडाला फडके बांधलेली, आणि त्यावर सुबक गाठ. आत अंबाडीच्या पाल्याचे लोणचे होते, लालजर्द, लसणाचा वास सुटलेला. लसूण आमच्या घरात येत नसे, म्हणून आईने ती बरणी मागच्या दारी नेली. तिथे शेवंताबाई उभी होती. तिचा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, आणि आमचे मागचे दार व तिचे पुढचे दार समोरासमोर होते. तिने बरणी हातात घेतली, फिरवून पाहिली, गाठ हुंगली.

"वैनी, एक इचारू का? रागावजो नोको."

"विचार."

"हे लोणचं कोनं देल्लं मास्तरले?"

"घरमालकाकडचं असेल."

"असंन. पन हे बाईच्या हातचं हाय. अन् तेही मन लावून केलेलं. मानूस परगावी जाते अन् येताना लोणचं आनते, त लोणचं का तिकडं झाडाले लागते?"

आई हसली नाही. शेवंताबाईने आवाज उतरवला. पण तिचा उतरवलेला आवाज म्हणजे आमच्या अंगणात स्पष्ट ऐकू येणारा आवाज.

"मी सांगतो तुमाले, मानूस असा गाव सोडून जाते त दोनच गोष्टीनं. एक त कर्ज, नाई त बाई. आता मास्तरले कर्ज कोन देते?"

"शेवंता, पुरे."

"पुरे त पुरे. पन परवा मी पायलं, मास्तरच्या नखात चुना होता. मास्तर पान खात नाई. मंग चुना कोनाच्या पानाचा? काऊन जी बाबू," ती माझ्याकडे वळली, "तू त एवढा शिकून राह्यला, तूच सांग ना."

 तो चुना मीही पाहिला होता. लसणाची असली तरी आईने बरणी आत आणून फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. ती टाकलीही नाही, कुणाला दिलीही नाही. पुढचे कित्येक दिवस भाकरी थापताना आई मधूनच वर पाही आणि पुन्हा परातीकडे पाही. अण्णांशी ती पूर्वीसारखेच बोले, वाढणे-मागणे, हो-नाही; पण त्यांचे धोतर धुताना ते उलटसुलट करून पाहताना मी तिला पाहिले. घर सोडून जायचे म्हणून तिने एकही भांडे बांधायला घेतले नव्हते.

तात्यांचा संशय वेगळ्या जातीचा होता. त्यांना वाटे, सदाशिव (ते अण्णांना नावाने हाक मारीत) या घराच्या व्रतातून अंग काढून घेतो आहे. विद्यार्थ्यांची पंगत, श्राद्धपक्ष, कुळाचार, यांतून सुटून कुठेतरी आयते सुख भोगायला चालला आहे. हे ते उघड बोलत नसत. बोलायला प्रसंग आला तो देवांचा.

आमच्या देवघरात दोन अन्नपूर्णा होत्या. लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णेची मूर्ती देतात आणि ती सासरच्या देवांत मिसळून जाते. एक काकूंनी आणलेली होती, एक आईने. बिऱ्हाड वेगळे होताना कुळाचे देव थोरल्याकडे राहतात, पण सुनेची अन्नपूर्णा तिच्याबरोबर जाते. मात्र देवघरातून मूर्ती उचलायची तर घरातल्या ज्येष्ठाची अनुज्ञा लागते, आणि तसा विधीही करावा लागतो. अण्णांनी अनुज्ञा मागितली तेव्हा तात्या पोथी बांधत होते. त्यांनी दोरीची गाठ पूर्ण केली, मग म्हणाले:

"देईन. पण तू कशासाठी जाऊन राहिला आहेस ते सांग."

"सांगितले ना, दादा. तिकडे राहणे परवडते."

"ते तर मी ऐकले. इथे काय उपाशी आहेस? तुझ्या ताटात कधी काही कमी पडले?"

"नाही."

"मग? लोक काय म्हणतात ते माझ्या कानावर येत नाही असे समजतोस?"

अण्णा खाली पाहत राहिले. स्वयंपाकघराच्या दाराशी आई उभी होती, आणि तिच्या हातातली रवी थांबली होती.

"ठीक आहे," तात्या म्हणाले. "मला सांगू नकोस. देवाला सांग. संकल्प विष्णू सांगेल, आणि कामनेच्या जागी तो थांबेल. तिथे छापील शब्द चालणार नाहीत. खरे कारण तू स्वतः उच्चारायचे. पाणी हातात घेऊन तरी सदाशिव खोटे बोलणार नाही, एवढे मी त्याला ओळखतो."

ज्यांना या रीतीची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणतेही देवकार्य करण्यापूर्वी यजमान उजव्या तळहातावर अक्षता व पाणी घेतो, आणि आपण कोण, कुठे, कोणत्या काळी, कशासाठी हे कर्म करीत आहोत ते उच्चारून पाणी सोडतो. पत्नी त्याच्या उजव्या बाजूला बसून त्याच्या हाताला हात लावते. संकल्पातले स्थळ राजांच्या आणि सरकारांच्या सीमा मानत नाही, नद्या मानते. आमचे हिंगणघाट जागचे न हलता तात्यांच्या हयातीत तीन राज्यांत राहिले. अण्णांचे ते नवे गाव तेव्हा आंध्रात होते, आज तेलंगणात आहे. पण संकल्पात दोन्ही गावे गोदावरीच्या उत्तर तीरावरचीच. 'परराज्य' हा शब्द उच्चारून सारे गाव ज्याची भीती घालत होते, ते स्थळ देवापुढे उच्चारताना एक अक्षरही बदलणार नव्हते. त्या सकाळी देवघरात बसताना माझ्या मनात हे आले होते, आणि त्याने धीर येण्याऐवजी भीतीच वाढली. स्थळ बदलत नाही, काळ मी सांगणार, मग अण्णांपुढे लपायला जागा एकच उरते, आणि तात्यांनी तीही बंद केली होती.

यंत्रे सुरू झाली होती. समईच्या प्रकाशात रुईचे तंतू तरंगत होते. अण्णा पाटावर बसले, आई त्यांच्या उजवीकडे. तिने त्यांच्या हाताला बोटांची टोके तेवढी लावली होती. नको असलेल्या वस्तूला लावावीत तशी. मागच्या दारात शेवंताबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. तात्या देवघराच्या उंबऱ्याशी ताठ बसले होते. मी संकल्प सांगू लागलो, अण्णा माझ्यामागून म्हणू लागले. देश झाला, नदीतीर झाले, संवत्सर, मास, तिथी झाली. कामनेपाशी आलो आणि थांबलो.

 अण्णांच्या तळहातावरचे पाणी बोटांच्या फटींतून ठिबकू लागले. मी तात्यांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली नाही. मला वाटले, आता अण्णा उठतील. त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या पण स्पष्ट आवाजात म्हणाले,

"मम धर्मपत्न्याः श्रमपरिहारार्थम्।"

आपल्या पत्नीचे श्रम दूर व्हावेत म्हणून. एवढेच. शेवंताबाईला ते कळण्यासारखे नव्हते. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पण वीस वर्षे त्या घरात मंत्र ऐकत वावरलेल्या माझ्या आईला श्रमपरिहार हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. तिच्या काकणांचा एकदा आवाज झाला. मी उरलेला संकल्प घाईने पूर्ण केला, अण्णांनी पाणी सोडले. पाणी सोडल्यावर पत्नीने हात काढून घ्यायचा असतो. आईचा हात तिथेच राहिला. आणि आता तिथे बोटांची टोके नव्हती, सगळा हात होता.

मग मला उलगडत गेले, की अण्णांनी इतकी कारणे का पसरली होती. हे कारण भावाला सांगणे म्हणजे त्याच्या व्रताचे ओझे कुणाच्या डोक्यावर आहे ते त्याला दाखवणे होते. गावाला सांगितले असते तर बायकोच्या नादाने भाऊ सोडला असे गाव म्हणाले असते, आणि घर मोडल्याचा बोल आईवर आला असता. म्हणून त्या भिडस्त माणसाने सगळा संशय स्वतःवर येऊ दिला होता.

 तात्या उठून देवघरात आले. त्यांनी आधी काकूंची अन्नपूर्णा उचलली, तळहातावर ठेवून पाहिली, आणि पुन्हा तिच्या तांदळात बसवली. नंतर आईची उचलली. माझ्याकडे न देता, अण्णांकडे न देता, ते आईसमोर उभे राहिले. आई गडबडून उठली आणि तिने पदर पुढे केला. मूर्ती पदरात ठेवून तात्यांनी विचारले,

"तिकडे आड अंगणात आहे ना?"

"अंगणातच आहे, दादा," अण्णा म्हणाले.

"मी तिला विचारले."

आडाविषयीचा तो प्रश्न म्हणजे त्या घरात तात्या माझ्या आईशी बोलल्याचे मी ऐकलेले पहिले वाक्य. आईची मान खाली होती. ती म्हणाली, "हे काही सांगतच नाहीत. असेल."

शेवंताबाईने मागच्या दारातून मला खुणावून विचारले, "काय म्हनले रे मास्तर?" मी तिला सांगितले. ती म्हणाली, "अगं माय! हे त मराठीतच म्हनाचं होतं ना जी, सगळ्या गल्लीले ऐकू आलं असतं." आणि घरी जाऊन तिने आमची भांडी बांधायला सुतळीचा गुंडा आणून दिला.

आम्ही उन्हाळ्यात निघालो. एसटीने पैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा आईच्या मांडीवर अन्नपूर्णा होती आणि पायांशी ती बरणी. फळीवरून ती तिने स्वतःच उतरवली होती. घर खरोखरच ऐसपैस होते. अंगणात आड होता, त्याला रहाट होता. घरमालकीण एक म्हातारी तेलुगू बाई निघाली, दात पडलेली, मराठीचा एक शब्द न येणारी. तिने बरणी ओळखली, आणि ती भरलेलीच परत आलेली पाहून आईवर बरीच रागावली असावी, असे तिच्या हातवाऱ्यांवरून वाटले. आई स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली. पूर्वेच्या भिंतीत नवी खिडकी पाडलेली होती. तिच्या भोवतीचा गिलावा वरखाली झालेला, चुन्याचे ओघळ तसेच वाळलेले. गवंड्याचे काम असे नसते. अण्णा अंगणात उगाचच रहाटाची दोरी तपासत होते.

पुढे सुट्टीत हिंगणघाटला गेलो तेव्हा पाहिले, विद्यार्थी पाळीपाळीने सोवळ्यात पाणी आणत होते, आणि तात्या स्वतः पिठले ढवळीत पाठ सांगत होते. पिठल्यात गाठी होत्या. त्यांनी आईची विचारपूस केली, आणि निरोप माझ्याकडे न देता म्हणाले, "पुढच्या वेळी तिला घेऊन ये. मला तिच्याशी बोलायचे आहे."

नव्या घरातल्या पहिल्याच आठवड्यातली एक दुपार आहे. मी ओसरीवर पाठ म्हणत होतो. यंत्रांची घरघर नसल्याने माझा स्वतःचाच आवाज मला परका वाटत होता, म्हणून पाणी प्यायला आत गेलो. आई खिडकीखाली जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, पाय सरळ, हात रिकामे. मी घाबरलो.

"आई, बरं नाही का तुला?"

तिने माझ्याकडे पाहिले, जणू मी काय विचारतो आहे ते तिला क्षणभर समजले नाही.

"बरी आहे रे," ती म्हणाली. "बसले आहे."